प्रमाण झुडूप क्रमांक एक

नाव नसलेल्या वस्तूचा त्रास त्या वस्तूला होत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला होतो. समित्या माणसांच्या असतात आणि वस्तूंच्या नसतात, त्याचं कारणही हेच. गुलाबाला आपण कोण हे ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्याचं काही अडत नाही. वेळ झाली की तो फुलून मोकळा होतो. ही बेफिकिरी किती दिवस चालू द्यायची, असा प्रश्न शहरातल्या गुलाब मंडळापुढे उभा राहिला तो वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी. एकाच झाडाची दोन फुलं दोन वेगळ्या नावांनी मांडली गेली होती. पहिल्याला 'गडद गुलाबी' विभागात पहिलं बक्षीस मिळालं आणि दुसरं 'फिकट लाल' विभागात 'दर्जाहीन' म्हणून बाद झालं. (दोन्ही फुलं एकाच बाईंची होती. त्या एकदा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आल्या आणि दुसऱ्यांदा समज घ्यायला.)

आठवड्याभरात 'गुलाब नामनिश्चिती व वर्गीकरण समिती' स्थापन झाली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. मंडळाच्या संस्थापकांचे ते एकुलते एक चिरंजीव असल्यामुळे गुलाबांचं ज्ञान त्यांच्याकडे खुर्चीबरोबरच आलं होतं. सचिव म्हणून ग्रंथालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नेमले गेले. चौतीस वर्षं त्यांनी पुस्तकं योग्य त्या फळीवर लावली होती. त्यांतली वाचली किती, हे निरोपसमारंभातही कोणी विचारलं नाही. त्यांना सगळे सचिव म्हणत. गावाबाहेर रोपवाटिका चालवणारी त्यांची थोरली बहीण तेवढी त्यांना 'पंडित' म्हणे, आणि ही पदवी तिने कौतुकाने दिलेली नव्हती.

पाहणी चार महिने चालली. सात रोपवाटिका, एकसष्ट सार्वजनिक वाफे आणि सभासदांच्या दोनशे चौदा गच्च्या पालथ्या घालून सचिवांनी जो गोषवारा सादर केला तो असा:

एकूण झुडपं (रोपवाटिकांतली फक्त नमुन्याची झाडं धरून) ५१२, नावाच्या पट्ट्या ३८९. (उरलेल्या १२३ झुडपांना पट्टीच नव्हती. ती तरीही फुललेली आढळली, याची वेगळी नोंद घेण्यात आली.)

एकाच वाणाला जास्तीत जास्त नावं: अकरा.

एकाच नावाखाली जास्तीत जास्त वाण: सहा. पैकी एक जास्वंद.

नुसतं 'लाल' लिहिलेल्या पट्ट्या: ४१. पैकी लाल: २३.

एका पट्टीवर 'विचारून सांगते' असं लिहिलं होतं. ती सचिवांच्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्याच, रोपवाटिकेतली. तिने ती गिऱ्हाइकासाठी टांगून ठेवली होती. सचिवांनी ती वाण म्हणून 'व' या अक्षराखाली नोंदली. यादी छापून आल्यावर महिन्याभरात आणखी दोन रोपवाटिकांनी 'अस्सल विचारून सांगते' विक्रीला काढला, आणि त्याला उठाव चांगला आहे असं कळतं.

लोकांनी ठेवलेली घरगुती नावं तर सभ्य बैठकीत वाचण्याजोगी नव्हती. फाटकाशी उभं राहून पोस्टमनला ओरबाडणाऱ्या झाडाला 'टपाल'. वर्षातून एकदाच उगवून सगळं खत फस्त करणाऱ्याला 'जावई'. कुठेही लावलं तरी शेजारच्या भिंतीकडेच तोंड करून फुलणाऱ्याला 'मधली वहिनी'. या नावांत दोष एकच होता: नाव घेतलं की तेच झाड डोळ्यांपुढे येई. शिस्तबद्ध नामकरणात अशी सवय घातक समजतात. नावं एकमताने रद्द झाली.

मग वर्गवारी. पाच फुटांच्या आत असेल तो गुलाब 'झुडपी' आणि पाच फुटांवर गेला की 'वेली', असं ठरलं. एका सभासदाचा गुलाब सकाळी वेली होता. दुपारी त्यांच्या सौभाग्यवतींनी कात्री चालवली आणि संध्याकाळी तो झुडपी झाला. वर्ग बदलून मिळावा असा अर्ज त्यांनी तीन प्रतींत केला. मंजुरी येईपर्यंत गुलाब पुन्हा वेली. फाइल अजून वाढते आहे आणि गुलाबही.

रंगासाठी चोवीस छटांचा तक्ता छापून घेतला आणि सर्वांना दिसावा म्हणून खिडकीशी टांगला. दीड महिन्यात उन्हाने तक्ता विटला. त्यानंतरच्या तपासणीत शहरातले झाडून सगळे गुलाब प्रमाणापेक्षा गडद झाल्याचं उघडकीला आलं, आणि हवामानाबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव संमत झाला. वासासाठी पाच जणांची उपसमिती होती. पैकी दोघांना बारमाही सर्दी. रकाने तीन: आहे, नाही, मतभेद. एकाहत्तर टक्के वाणांना 'मतभेद' याच प्रकारचा सुगंध असल्याचं निष्पन्न झालं.

पण समितीची खरी देणगी म्हणजे प्रमाण झुडूप. प्रत्येक नावासाठी मंडळाच्या बागेतलं एक झुडूप प्रमाण मानायचं. शहरातलं दुसरं कुठलंही झुडूप त्याच्याशी जुळलं तर खरं, नाही जुळलं तर नकली. नकली झुडपं तीस दिवसांत उपटायची, नाहीतर रोपवाटिकेचं नाव मान्यता यादीतून काढायचं. (यादीत नाव नसलेल्या रोपवाटिकेकडे सभासद फिरकत नसत, आणि सभासद फिरकले नाहीत की त्यांचे शेजारीही फिरकत नसत.)

प्रमाण झुडूप क्रमांक एक अर्थातच 'चिरंजीव'. हा वाण स्वतः संस्थापकांनी तयार केलेला. त्याचं पहिलं झुडूप मंडळाच्या सभागृहाच्या पायरीशी होतं आणि त्यापुढे पितळी पट्टी होती. पट्टी दर रविवारी लिंबू लावून घासली जाई. झुडपाकडे दर रविवारी कोणी पाहिल्याचं मात्र रेकॉर्डवर नाही. आता समितीने पाहिलं आणि मोजमाप लिहून घेतलं: पाकळ्या पाच, रंग पांढरा, आकार शर्टाच्या बटणाएवढा, बहर वर्षातून एकदा. वास: नाही. 'नाही' यावर उपसमितीत एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे टाळ्या वाजल्या.

संस्थापकांच्या जुन्या भाषणांत चिरंजीवचं वर्णन 'भरगच्च, गुलाबी, खोलीभर दरवळणारा' असं येतं. समितीने यावरही विचार केला आणि 'संस्थापकांचा स्वभाव काव्यमय होता' अशी तळटीप टाकून विषय संपवला.

ताईच्या रोपवाटिकेला नोटीस द्यायला सचिव स्वतः गेले. ताई ओळीत बसून खुरपत होती.

"काय पंडित, आज इकडे कुठे वाट चुकलास?"

"कामाने आलोय ताई. समितीच्या."

"मग चहा टाकू, की सही करून पाठवू तुला?"

सचिवांनी नोटीस पुढे केली.

"तूच वाच. माझे हात मातीचे आहेत."

सचिवांनी घसा साफ केला. "'आपणाकडे चिरंजीव या नावाने विकली जाणारी झुडपं प्रमाण झुडूप क्रमांक एकशी जुळत नसल्याचं...'"

"थांब थांब. कोणाशी जुळत नाहीत?"

"मंडळाच्या पायरीजवळच्या."

"त्या पांढऱ्याशी?" ताई खुरपं टाकून हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मनगटाने ते पुसताना गालाला माती लागली. "अरे वेड्या, तो खुंट आहे!"

खुंट म्हणजे काय, हे रोपवाटिकेत काम करणारं कोणीही सांगेल. चांगला गुलाब नाजूक असतो, स्वतःच्या मुळांवर धड उभा राहत नाही. म्हणून काटक रानगुलाबाच्या सालीत चीर देऊन त्यात चांगल्या वाणाचा डोळा, म्हणजे इवलासा कोंब, बसवतात, दोऱ्याने आवळतात, आणि डोळा फुटला की वरचा रानगुलाब कापून टाकतात. खाली खुंट, वर वाण. वरचा मेला की खुंटाला मोकळं रान मिळतं. तो सांध्याच्या खालून फुटतो आणि जोमाने वाढतो.

"तुमचा चिरंजीव केव्हाच गेला," ताई म्हणाली. "तो एक उन्हाळा बागेचा नळ बंद होता ना, तेव्हाच. दहा वर्षं तुम्ही सगळे त्या खुंटाला हार घालताय आणि फोटो काढताय."

"त्यावर पट्टी आहे, ताई."

"पट्टीला मुळं असतात का रे?"

"तसं नव्हे. पण प्रमाण एकदा ठरलं..."

"बाबा डोळा बांधायचे तेव्हा दोरा कोण धरायचं?"

सचिवांचे वडील मंडळाचे माळी होते. संस्थापकांनी चिरंजीव तयार केला असं म्हणतात ते खरंच. म्हणजे 'करा' असं सांगितलं त्यांनी, आणि केला वडिलांनी. त्यातलं एक कलम ते घरी घेऊन आले होते. तेच ताईचं मूळ झाड. दरसाल दीड हजार डोळे ती त्यावरून काढी. नवरा गेल्यापासून तिची चूल त्या एका झाडावर पेटत होती. वडिलांचा काळा पडलेला अंगठा, सालीत सरकणारं पातं, आणि दोऱ्याचं टोक घट्ट धरून श्वास रोखलेला आठ वर्षांचा आपण, हे सगळं सचिवांना लख्ख आठवत होतं. पण आठवण हा पुरावा 'इतर' या रकान्यात जातो, आणि तो रकाना छपाईत जागेअभावी गाळला होता.

"सुनावणी आहे मंगळवारी," ते म्हणाले. "लेखी म्हणणं आण. दोन प्रती."

"आणि तू काय म्हणणार तिथे?"

"मी सचिव आहे, ताई. मी म्हणत नसतो, मी लिहितो."

सचिवांचीही बाजू समजून घेतली पाहिजे. नामनिश्चितीची वही तीनशे चाळीस पानांची झाली होती आणि छापखान्यात जायची होती. मुखपृष्ठावर त्यांचं नाव अध्यक्षांच्या नावाखाली पण त्याच जाडीच्या अक्षरांत यायचं होतं. आणि त्या वहीतला प्रत्येक गुलाब क्रमांक एकच्या तुलनेत मोजलेला होता: 'क्र. १ पेक्षा उंच', 'क्र. १ पेक्षा गडद', 'क्र. १ पेक्षा अकारण मोठा'. पहिलं पान खोटं ठरलं तर उरलेली तीनशे एकोणचाळीस पानं कशापेक्षा उंच आणि कशापेक्षा गडद राहणार?

मंगळवारी ताई एक फूल, एक खुरपं आणि लेखी म्हणणं (एकच प्रत) घेऊन आली. फूल टेबलावर ठेवलं आणि खोलीत वास पसरला. सर्दीवाल्या दोन्ही सदस्यांनी डोळे मिटले. त्यांतला एक जण काहीसं पुटपुटलाही, बहुधा कोणाचं तरी नाव. अध्यक्षांनी ताबडतोब हरकत घेतली. फुलामुळे निर्णयावर परिणाम होण्याचा संभव असल्याने ते खोलीबाहेर ठेवण्यात आलं आणि पाकळ्या मोजण्यापुरतं आत बोलावण्यात आलं. अध्यक्षांनी दवाखान्यातला चिमटा आणला होता. मोजणीला वीस मिनिटं लागली.

"चौऱ्याण्णव," ते म्हणाले. "प्रमाण पाच. म्हणजे एकोणनव्वद पाकळ्या विनापरवाना."

"डॉक्टर, मला पाच मिनिटं द्या," ताई म्हणाली. "पायरीजवळची माती जराशी बाजूला करते. सांधा दिसेल. त्याच्या खालून फुटलंय की वरून, तुम्हीच बघा."

"अहो ताई, प्रमाण झुडूप तपासायचं म्हणजे कशाशी ताडून बघायचं? प्रमाणाशीच ना? मग ते स्वतःशी जुळतंच आहे."

"दात काढायच्या आधी तोंड उघडून बघता ना तुम्ही?"

"त्याच्याही आधी केसपेपर बघतो."

"आणि केसपेपर दुसऱ्याचा असला तर?"

"मग तोंड बदलावं लागतं," अध्यक्ष म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन अधिकच गंभीर झाले. "हे बघा, ते झाड माझ्या वडिलांनी लावलंय. त्याला कोणी खुंट म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही."

"लावलं माझ्या बाबांनी. तुमच्या बाबांनी फोटो काढून घेतला."

खोलीत कोणीतरी खोकलं. अध्यक्ष सचिवांकडे वळले.

"सचिव, हा आरोप गंभीर आहे. तुमचे वडील इथे कामाला होते. तुम्हाला या बाबतीत काही माहिती?"

सगळे बघू लागले. ताईही बघू लागली. तिला फार काही नको होतं. 'खणून बघू या' एवढे तीन शब्द पुरले असते, आणि ते सुचवायला सचिवाला नियमाची आडकाठीही नव्हती. सचिवांनी वहीचं पहिलं पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं म्हणाले:

"रेकॉर्डप्रमाणे, नाही."

ताई काही बोलली नाही. (बोलली असती तर इतिवृत्तात घेता आलं असतं.) तिने खुरपं उचललं आणि ती निघून गेली.

निकाल असा लागला: ताईकडची फुलं चिरंजीव नाहीत, त्यांचा रंग दिशाभूल करणारा, पाकळ्या अतिरिक्त आणि वास आगंतुक आहे. मूळ झाड तीस दिवसांत सचिवांच्या समक्ष उपटावं.

ताईने तो निकाल घरी दोनदा वाचला. पहिल्यांदा रडत आणि दुसऱ्यांदा चष्मा लावून. दुसऱ्या वाचनात तिला असं दिसलं, की पाच पाकळ्यांचा, पांढरा, बिनवासाचा जो गुलाब, तो चिरंजीव. तिच्या मागच्या वाफ्यांत असे चार हजार खुंट डोळे बांधण्याची वाट बघत ओळीने उभे होते. सोमवारी तिने त्यांना चिरंजीव म्हणून मान्यता मिळावी असा अर्ज टाकला. एकूण एक चार हजार झुडपं प्रमाणाशी तंतोतंत जुळली. मंडळाच्या इतिहासात एका दिवसात इतका शुद्ध माल कोणी सादर केला नव्हता, म्हणून तिला प्रशस्तिपत्रक देण्यात आलं. डोळे काढायला नकोत, बांधायला नकोत, जगतील की नाही याची काळजी नको. खुंट उपटायचा, कुंडीत खोचायचा, पट्टी लावायची. सभासद रांगा लावून नेऊ लागले. नाक खुपसून 'वा, जुना तो जुनाच' म्हणू लागले. एका गृहस्थांना तर त्या वासाने बालपण आठवलं.

राहिलं मूळ झाड. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी सचिव तपासणीचा तक्ता घेऊन आले. ताईने कुदळ तयारच ठेवली होती. तिने चारी बाजूंनी सावकाश खणलं, मुळांभोवतीची माती ढासळू न देता झाड गोणपाटावर घेतलं आणि उभी राहिली.

"काढलं. लिही."

सचिवांनी 'झुडूप उपटले' यापुढच्या चौकोनात खूण केली. ताईने गोणपाट ओढत दोन हात पलीकडे नेलं. तिथे खड्डा आधीच खणलेला होता. तिने झाड त्यात उतरवलं, माती लोटली, पायाने दाबली.

"हे काय ताई?"

"कुठे काय? उपटल्यावर परत लावायचं नाही, असा रकाना आहे तुझ्या कागदात?"

रकाना नव्हता.

"मग झालं. हे दुसरं झाड. तुझ्या वहीत नाही, म्हणजे जगात नाही. तू निर्धास्त जा."

सचिवांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. झाडावर एक फूल उघडलेलं होतं. एवढ्या हलवाहलवीतही त्याच्या पाकळ्या जागच्या जागी होत्या.

"एक फूल नेऊ का?" ते म्हणाले.

"ने की. कुठल्या झाडाचं?"

"या."

"या म्हणजे कुठल्या? नाव सांग, तोडून देते."

सचिवांनी तोंड उघडलं. हातातल्या कागदावर खाली त्यांची सही होती, तारखेसह. त्यांनी तोंड मिटलं. ताई बादली घ्यायला वळली आणि ते रिकाम्या हातांनी फाटकाबाहेर पडले.

वही यथावकाश छापून आली. शहरातला गुलाबांच्या नावांचा गोंधळ संपूर्ण मिटल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं, आणि ते खरं आहे. त्या बेनाव झाडाची काही कलमं ताईने फाटकाशी मांडून 'हवं त्याने न्यावं' असं लिहून ठेवलं आहे. वर्षभरात तीनशे सहा जणांनी ती पाहिली. दोनशे नव्वद जण वास घेऊन मिनिटभर तिथेच थबकले. सगळ्यांनी नाव विचारलं. नाव नाही म्हटल्यावर नेणारे: शून्य.

वाचकहो, एव्हाना तुम्ही त्या तीनशे सहा जणांना हसला असाल, अध्यक्षांना मूर्ख आणि सचिवांना भेकड ठरवून मोकळे झाला असाल. ताईचाच गुलाब खरा आणि पायरीजवळचा खुंट, याबद्दल तुमच्या मनात तिळमात्र शंका उरलेली नसेल. वास्तविक तुम्ही दोन्हींपैकी एकही झाड पाहिलेलं नाही, वास घेतलेला नाही, माती बाजूला केलेली नाही. इथे लिहिलेलं होतं, ते वाचलंत आणि मानलंत. समितीच्या सभासदत्वाला याहून वेगळी पात्रता लागत नाही. दोन जागा रिकाम्या आहेत. अर्ज सचिवांकडे मिळतील.